जुन्या पिकअपचा क्लच घसरतो, गिअर अडतो : गिअरबॉक्स उतरवण्याआधी काय काय बघायचं

"गिअरच पडत नाही, बॉक्स गेला वाटतं." जुनी पिकअप गॅरेजच्या दारात लागली की ड्रायव्हरचं पहिलं वाक्य बहुधा हेच. बॉक्स गेलेला असतो क्वचित. दोष असतो पेडल आणि बॉक्स यांच्या मधे कुठंतरी : ऑईलच्या बाटलीत, सिलिंडरच्या वॉशरमध्ये, कधी नुसत्या पायाखालच्या मॅटमध्ये. उलट ज्याची क्लच प्लेट खरोखरच संपली आहे तो मालक "हा सीझन काढू, मग बघू" म्हणत गाडी दामटत राहतो आणि प्लेटबरोबर फ्लायव्हीलही, म्हणजे प्लेट जिच्यावर दाबली जाते ती इंजिनमागची जड चकतीही, घालवून बसतो.

आमचा पट्टा आळेफाटा-नारायणगावचा. टोमॅटो सुरू झाला की पिकअप रात्री माळशेज उतरतात, वाशी मार्केटच्या रांगेत हाफ क्लचवर तासन् तास सरकतात आणि सकाळी रिकाम्या घाट चढून परत येतात. त्यात दीड टनाच्या गाडीत किती माल भरला जातो ते सगळ्यांना माहीत आहे, त्यावर बोलून उपयोग नाही. त्यामुळे हा दोष आमच्याकडे वर्षभर येतो, सीझनला जरा जास्तच.

खाली जे लिहिलंय ते मागची चाकं ओढणाऱ्या, पाच गिअरच्या, हायड्रॉलिक क्लचच्या (पेडलचा जोर ऑईलच्या दाबाने पोचवणाऱ्या) डिझेल पिकअपसाठी. छोट्या हत्तीसारख्या लहान गाडीला केबल असते. तिथे सिलिंडरचा भाग सोडून केबलचा भाग वाचा, बाकी बरंचसं सारखंच आहे.

लक्षण नीट ओळखा

"क्लच खराब आहे" एवढ्यावरून काहीच कळत नाही. क्लच दोन उलट्या तऱ्हांनी बिघडतो आणि दोन्हींचा इलाज वेगळा.

एक, तो धरत नाही, म्हणजे घसरतो. चढाला चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये रेस दिली की इंजिनचा आवाज वर जातो, गाडी मात्र आहे त्याच वेगाने चालते. सुरुवातीला हे फक्त भरल्या गाडीत होतं, म्हणून रिकामी गाडी गॅरेजला आणून "बघा, आता काही होत नाही" असं होतं. जळका वास येऊ लागला की प्लेटवरचं लायनिंग भाजायला लागलेलं आहे.

दोन, तो सुटत नाही. पेडल तळाला लावलं तरी इंजिन बॉक्सपासून पूर्ण वेगळं होत नाही. रिव्हर्सला खरखर, पहिला टाकायला जोर, सिग्नलला पेडल दाबून उभं असताना गाडी पुढे सरकू बघते.

याखेरीज तीन तक्रारी येतात : गिअर आपोआप निसटून न्यूट्रलला येणं, ठरावीक स्थितीत येणारा गूं-गूं किंवा खरखर आवाज, आणि गाडी उचलताना सगळी केबिन थरथरणं.

इंजिन बंद, इंजिन चालू

पहिली तपासणी फुकट आहे आणि निम्मं निदान तिच्यातच होतं. सपाट जागी हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. एखादा अडलाच तर गाडी टीचभर पुढे-मागे ढकलून पुन्हा टाका, दात समोरासमोर आले की तेवढं होतंच. आता इंजिन चालू करा, पेडल पूर्ण दाबा, चार-पाच सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका.

बंद इंजिनवर सगळे गिअर लोण्यासारखे पडतात आणि चालू इंजिनवर रिव्हर्स खरखरतो, तर बॉक्सला हात लावू नका. क्लच सुटत नाहीये. रिव्हर्सच घ्यायचा कारण जुन्या बॉक्समध्ये बहुधा त्याला सिंक्रो रिंग नसते. पुढच्या गिअरमधली रिंग वेग जुळवून घेते आणि क्लचचा दोष झाकते, रिव्हर्स झाकत नाही. ते चार-पाच सेकंद थांबणंही महत्त्वाचं. पेडल दाबल्यावर बॉक्सचा शाफ्ट थांबायला क्षणभर लागतो, घाई केली तर चांगला क्लचही खरखरतो.

बंद इंजिनवरही गिअर कडक जात असेल तर दोष लिव्हर, त्याचे बुश, किंवा बॉक्सच्या आत. तिथे क्लचवर खर्च करून काही होणार नाही.

घसरण्याची तपासणी वेगळी. मोकळं मैदान, समोर माणूस नाही, हँडब्रेक घट्ट, पायही ब्रेकवर. चौथा गिअर टाकून क्लच हळू सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर प्लेट निदान रिकाम्या गाडीपुरती धरते आहे. पाय पूर्ण वर आला तरी इंजिन आरामात चालू राहिलं, तर क्लच घसरतोय. ही चाचणी एकदाच करायची. चार जणांना दाखवायला चारदा केली तर उरलीसुरली प्लेटही जाते.

पायाखालून सुरुवात

मॅट काढा. हसू नका. जुन्या पिकअपमध्ये मूळ मॅटवर दुसरी रबरी मॅट, तिच्यावर पावसाळ्यात टाकलेलं गोणपाट, असे थर असतात. पेडलची शेवटची बोटभर चाल त्यातच जाते, आणि क्लच सुटतो तो नेमका त्या शेवटच्या भागात. मॅट काढून रिव्हर्स पुन्हा टाकून बघा.

मग पेडल हाताने दाबा. सुरुवातीला थोडी ढिली चाल लागली पाहिजे, साधारण १ ते २ सेंटिमीटर. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकात बघा. ढिली चाल अजिबात नसेल तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) सतत प्रेशर प्लेटवर, म्हणजे क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या भागावर, टेकून राहतं, क्लच कायम अर्धवट दाबलेला राहतो आणि घसरतो. फारच जास्त असेल तर पूर्ण दाबूनही सुटत नाही. केबलच्या गाडीत ही चाल बॉक्सकडच्या नटाने जुळते. पाच मिनिटांचं काम आहे. पण नट फिरवण्याआधी केबलचे धागे बघा. टोकाशी दोन-चार तुटलेले दिसले तर जुळवत बसू नका, केबल बदला. ती तुटणार आणि घाटातच तुटणार.

पेडल दाबताना कुणाला तरी केबिनच्या पुढच्या पत्र्याकडे, मास्टर सिलिंडर (पेडलने ऑईल ढकलणारा वरचा सिलिंडर) जिथे बसवलाय तिकडे बघायला सांगा. जुन्या गाडीत तो पत्रा गंजून किंवा तडकून पेडलबरोबर वाकतो. मग तुमच्या पायाचा जोर ऑईल ढकलण्याऐवजी पत्रा वाकवण्यात जातो. ही गोष्ट भल्याभल्यांच्या नजरेतून सुटते. सिलिंडर दोनदा बदलूनही फरक न पडलेली गाडी आली की मी आधी तिथे टॉर्च मारतो.

बाटली आणि दोन सिलिंडर

बॉनेट उघडून ऑईलची पातळी बघा. कमी असेल तर ते कुठंतरी गळतंय, भरून विषय संपत नाही. भरायचं ते झाकणावर लिहिलेलंच, डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक ऑईल. इंजिन ऑईल किंवा स्टिअरिंगचं ऑईल एक झाकणभरही नको. त्याने आतली रबरं फुगतात आणि मग वरचा सिलिंडर, खालचा सिलिंडर, पाइप सगळंच बदलावं लागतं. ब्रेक ऑईल रंगावर सांडलं तर लगेच पाणी टाका, नाहीतर पत्र्याचा रंग सोलून निघेल. काही गाड्यांत क्लच आणि ब्रेकची बाटली एकच असते. तुमची तशी असेल आणि पातळी उतरत असेल, तर तो क्लचचा प्रश्न राहिला नाही, ब्रेकचा झाला. ती गाडी गळती सापडेपर्यंत रस्त्यावर काढायची नाही.

गळती शोधायला तीन जागा. पहिली, केबिनमध्ये पेडलच्या वर, जिथे दांडी मास्टर सिलिंडरमध्ये शिरते. तिथे बोट फिरवा, ओलं लागलं तर मास्टरचं वॉशर गेलं. दुसरी, पाइप आणि रबरी होज. तिसरी, आणि सगळ्यात जास्त वेळा सापडणारी, खाली बॉक्सच्या बाजूचा स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे त्या ऑईलच्या दाबाने क्लच सोडवणारा. त्याच्या तोंडावर रबरी टोपी असते. बाहेरून सगळं कोरडं, धुळीने माखलेलं दिसतं आणि ड्रायव्हर म्हणतो, "दादा, एक थेंब गळत नाही." स्क्रू ड्रायव्हरने टोपीची कड उचला. आत साचलेलं काळपट, पाण्यासारखं पातळ ऑईल अंगठ्यावरून मनगटापर्यंत ओघळतं, बोटं चिकट न होता बुळबुळीत होतात. तेच ते. टोपी भरेपर्यंत ऑईल बाहेर येत नाही, म्हणून गळती दिसत नाही.

वॉशर किट टाकायचं की पूर्ण सिलिंडर? आतली भिंत नखाने चाचपून बघा. गुळगुळीत असेल तर किट चालतं. गंजाचे खड्डे लागले तर किटचे पैसे पाण्यात, नवं वॉशर त्या खड्ड्यांवर घासून थोड्याच दिवसांत पुन्हा गळेल. माझं मत विचाराल तर खूप वर्षं चाललेल्या गाडीत एक सिलिंडर गेला की दुसराही बघूनच घ्यावा. नवा सिलिंडर जास्त दाब देतो आणि जुना महिना-दोन महिन्यांत हात टेकतो.

गळती कुठेच नाही, तरी पेडल मऊ? भराभर पाच-सहा वेळा पंप मारा. पंप मारल्यावर गिअर नीट पडायला लागला तर लाइनमध्ये हवा आहे किंवा मास्टरच्या आत ऑईल वॉशरच्या मागे निसटतंय. आधी एअर काढा. एक जण पेडल दाबून धरतो, दुसरा स्लेव्हची निपल (हवा काढायचा बारीक स्क्रू) सोडून लगेच आवळतो, मगच पेडल सोडायचं. बाटली रिकामी होऊ द्यायची नाही, नाहीतर परत पहिल्यापासून. एअर काढल्यावर पेडल चांगलं झालं आणि दोन दिवसांनी पुन्हा मऊ झालं, तर मास्टर.

आता दांडी मोजा. पेडल पूर्ण दाबल्यावर स्लेव्हची दांडी सेंटिमीटरच्या वर सरकली पाहिजे. सरकते आणि तरीही क्लच सुटत नाही, तर दोष बॉक्सच्या आतल्या बाजूला : रिलीज बेअरिंग ढकलणारा फोर्क वाकलेला, प्रेशर प्लेटच्या घासलेल्या पाकळ्या, किंवा शाफ्टवर अडकलेली प्लेट. मोजण्याचा मुद्दा एवढाच, की इथपर्यंतची सगळी कामं बॉक्स न उतरवता होतात आणि इथून पुढची होत नाहीत.

क्लच घसरत असेल तर बॉक्स उतरवण्याआधी आणखी एक गंमत बघा. गाडी तापून घसरायला लागली की बाजूला घ्या, इंजिन बंद करा, पेडलला पाय न लावता स्लेव्हची निपल जराशी सोडा. ऑईल जोरात पिचकारी मारून आलं आणि त्यानंतर क्लच धरायला लागला, तर प्लेट चांगली आहे. मास्टरमधलं परतीचं बारीक भोक कचऱ्याने बंद झालंय किंवा होज आतून सुजलाय, त्यामुळे दाब अडकून क्लच दाबलेलाच राहत होता. निपल परत आवळायला विसरू नका. हे न तपासता नवी प्लेट टाकलेल्या गाड्या नव्या प्लेटसकट पुन्हा घसरतात.

बॉक्सचं ऑईल

गिअर कडक, थंडीत सकाळी दुसरा अडतो, सगळ्याच गिअरमध्ये गुरगुर : मग बॉक्सचं ऑईल. गाडी सपाट उभी करा. आधी बाजूचा भरायचा नट सोडून बघा, तो सुटतोय याची खात्री झाल्यावरच खालचा काढायचा. नाहीतर ऑईल काढून बसाल आणि भरायला जागा नाही. ऑईल बाजूच्या भोकाच्या खालच्या कडेला लागलं पाहिजे. करंगळी घालून बघा.

खालच्या नटाला बहुधा चुंबक असतं. त्यावर राखाडी मलमासारखा गाळ नेहमीचाच, घाबरायचं कारण नाही. ऑईल उन्हात धरल्यावर पिवळसर चमकी दिसली तर सिंक्रो रिंगा झिजताहेत. सुईसारखे तुकडे किंवा दाताचा कोपरा सापडला तर तिथेच थांबा, नवं ऑईल भरून चालवून बघू नका.

ऑईल पुस्तकात सांगितलेल्याच ग्रेडचं घ्या. बऱ्याच जुन्या बॉक्सना ८० डब्ल्यू ९० जीएल-४ लागतं. जीएल-५ महाग आहे म्हणून चांगलं, असं नाही. त्यातली काही रसायनं पितळी रिंगांना मानवत नाहीत. ते डिफरन्शियलसाठी ठेवा.

आवाज कधी येतो

कसा आवाज, यापेक्षा कधी येतो हे सांगा. न्यूट्रलला उभ्या गाडीत आवाज आहे आणि पेडल दाबलं की जातो : बॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. पेडल जरासं दाबलं की सुरू होतो : रिलीज बेअरिंग. पेडल पूर्ण दाबून, गिअरमध्ये उभं असताना किंचाळतो : फ्लायव्हीलच्या मधलं पायलट बेअरिंग. शेवटच्या दोघांत वाद घालत बसू नका, दोन्हींसाठी बॉक्स उतरणारच आहे आणि तेव्हा दोन्ही बदलायचीच असतात.

चालत्या गाडीत चौथ्या गिअरला आवाज कमी आणि बाकी सगळ्यांना जास्त असेल तर खालच्या काउंटर शाफ्टची बेअरिंगं. अशा बहुतेक बॉक्समध्ये चौथा डायरेक्ट असतो, जोर काउंटर शाफ्टमधून जातच नाही. गिअर टाकताना मागून "ठक्क" असा एकच आवाज असेल तर बॉक्स सोडा, प्रोपेलर शाफ्टचे (बॉक्सपासून मागच्या चाकांकडे जोर नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस म्हणजे सांधे हलवून बघा. क्रॉस आणि सेंटर बेअरिंगचा दोष बॉक्सच्या नावावर खपवला जातो.

गाडी उचलताना थरथर असेल तर आधी इंजिन-बॉक्सचे फाउंडेशन रबर बघा. ते ठीक असतील तर प्लेटवर ऑईल गेलंय किंवा फ्लायव्हील भाजलंय. इंजिन आणि बॉक्स जिथे जुळतात तिथे तळाला बारीक भोक असतं, तिथे बोट लावून वास घ्या. लागलेलं ऑईल काळं असेल तर इंजिनमागचं क्रँक सील, उग्र गंधकासारखा वास असेल तर बॉक्सचं पुढचं सील.

गिअर निसटत असेल तर

इथे मी घरगुती प्रयोग करू देत नाही. फाउंडेशन रबर आणि लिव्हरच्या बुडाचा बुश एवढं बघा. लिव्हरच्या मुठीचं फॅन्सी वजनदार नॉब काढून बघा, त्यानेही निसटतो. तरीही निसटत असेल तर आत हबचे दात, गिअर सरकवणारा फोर्क किंवा स्प्रिंग-गोळी गेलीय. गिअर बहुधा निसटतो रेस सोडल्यावर, म्हणजे उतारावर. भरली पिकअप माळशेज उतरताना तिसरा सुटला की इंजिनचा ब्रेक गेला, सगळा भार पायातल्या ब्रेकवर, आणि ते तापले की पुढे वळण. लिव्हर हाताने धरून गाडी चालवणारे ड्रायव्हर मी बघतो. धरून ठेवल्याने आतला फोर्क घासून बारीक होतो, दोष वाढतो. ही गाडी घाटात न्यायची नाही, रिकामीसुद्धा.

रस्त्यात क्लच गेला तर

सपाट, मोकळा रस्ता आणि रिकामी गाडी असेल तरच : इंजिन बंद करून पहिला टाका आणि गिअरमध्येच स्टार्टर मारा, गाडी धक्क्याने चालू होऊन सरकेल. पुढचा गिअर रेस सोडून, हलक्या हाताने, जोर न लावता. थांबायचं तर न्यूट्रल करून ब्रेक, किंवा इंजिन बंद. जवळच्या गॅरेजपर्यंत ठीक. घाट, गर्दी किंवा माल असेल तर टोईंग बोलवा.

मिस्त्रीच्या हवाली करायची वेळ

घसरण्याची चाचणी नापास आणि निपलची युक्तीही लागू नाही, दांडी पुरेशी सरकूनही क्लच सुटत नाही, ऑईलात धातूचे तुकडे, किंवा बेअरिंगचा आवाज, यांपैकी काहीही असेल तर बॉक्स उतरणार. हे घरासमोर जॅकवर करायचं काम नाही. बॉक्स जड असतो, खाली खड्डा किंवा भक्कम घोडी लागते आणि निदान दोन माणसं. बसवताना तो शाफ्टवर लोंबकळत राहिला तर नव्या प्लेटचं हब वाकतं, मग नवा क्लचही सुटत नाही.

गाडी देताना एवढं बोलून घ्या. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्र बदला, कारण मजुरी तीच. पायलट बेअरिंग आणि क्रँक सील त्याच वेळी. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा बारीक तडे असतील तर लेथवर फेसिंग, तडे खोल असतील तर नवं. प्रोपेलर शाफ्ट काढण्याआधी दोन्ही फ्लँजवर खूण करायला सांगा, नाहीतर नंतर वेगात थरथर येते. आतली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू देऊ नका, जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसायची.

जुने पार्ट हातात मागा. लायनिंग रिबिटांपर्यंत सारखं झिजलेलं असेल तर प्लेटचं आयुष्य संपलं होतं. लायनिंग जाड पण तेलकट असेल तर सील बदलल्याशिवाय बॉक्स चढवू देऊ नका. लायनिंग जाड, कोरडं, पण काळं भाजलेलं असेल तर कारण पेडलवर ठेवलेला पाय किंवा तो अडकलेला दाब. अशा वेळी मास्टर आणि होज त्याच दिवशी बघून घ्या. नवी प्लेट टाकल्यावर पहिले काहीशे किलोमीटर माल हलका, हाफ क्लच कमीत कमी, आणि आठवड्याभराने पेडलची ढिली चाल पुन्हा एकदा मोजा.